हिरव्या दोऱ्याची मोटर

भिंगारात पाण्याची मोटर जळाली की माणूस आधी लाइटीला चार शिव्या हासडतो आणि मग मोटर पोत्यात घालून स्टेलाबाई पाटोळेंच्या ओट्यावर आणून आदळतो. "ताई, बघा की जरा." बस्स, एवढंच. पावती नाही, गॅरंटी नाही, घासाघीस तर नाहीच नाही. स्टेलाबाई चष्मा नाकावर ढकलतात, मोटरीचं झाकण काढून आतला वास घेतात आणि सांगतात, "अख्खी गेलीय. भरावी लागेल." किंवा, "हिला काही झालेलं नाही, तुझ्या वायरीला उंदरानं खाल्लंय. जा घरी." आणि ते खरंच निघतं.

आता मोटर भरणं म्हणजे काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं. मोटरीच्या पोटात लोखंडी कडं असतं आणि त्याला आतल्या बाजूनं खाचा असतात. प्रत्येक खाचेत आधी कागदाचं अस्तर घालायचं, मग तांब्याच्या तारेचे वेढे बसवायचे, वरून काडी दाबायची, बाहेर डोकावणाऱ्या तारांच्या जुड्या दोऱ्यानं आवळून बांधायच्या आणि सगळं वार्निशात बुडवून भट्टीत भाजायचं. झाली मोटर भरून. ऐकायला सोपं वाटतं ना? मग बसा एकदा करायला. तासाभरात बोटांची सालटी निघतात. आणि कागद नखभर जरी आखूड पडला तरी तार लोखंडाला घासते आणि मोटरीच्या अंगात करंट उतरतो.

स्टेलाबाई हे काम तीस वर्षं करत होत्या, नगरच्या नागापूर एमआयडीसीत, मागच्या गल्लीतल्या आप्पासाहेबांच्या शेडमध्ये. ओट्यावरच्या मोटरी म्हणजे रविवारचं किरकोळ. आप्पासाहेब राहुरीकडचे, मूळचे फिटर. स्वतःच्या हातानं मोटरी भरून त्यांनी ते पत्र्याचं शेड उभं केलं होतं. घराघरांत नळाला लावतात त्या अर्ध्या एचपीच्या मोटरी तिथं तयार व्हायच्या, आणि पुण्याची एक कंपनी त्यावर स्वतःचं नाव ठोकून विकायची. भरायला बारा बायका. त्या बारा जणींवर स्टेलाबाई. बाई उंचीनं ठेंगण्या, पण आवाज असा की भट्टीजवळचा माणूससुद्धा दचकायचा. "अगं, स्वेटर विणतेस का मोटर भरतेस? ओढ की दोरा!"

त्या शेडात एक पद्धत होती. प्रत्येक बाईचा दोरा वेगळ्या रंगाचा. गोजरबाईचा लाल, शालनचा निळा, स्टेलाबाईंचा हिरवा. मोटर तक्रार होऊन परत आली की झाकण उघडायचं, दोरा बघायचा, कुणाच्या हातची ते लगेच कळायचं. मग जिचा दोरा तिनं ती मोटर सगळ्यांसमोर उसवून पुन्हा भरायची, दुपारचा चहा न घेता. ही पद्धत स्टेलाबाईंनीच घालून दिलेली. त्यांचा स्वतःचा दोरा तीस वर्षांत दोनदा परत आला होता, आणि दोन्ही वेळी बाईंनी चहा घेतला नव्हता. पुण्याच्या कंपनीलाही ते पसंत पडलं. तिकडचा इन्स्पेक्टर यायचा तो आधी दोरे बघायचा, मग रजिस्टरातलं नाव.

असं सगळं बैजवार चाललेलं असताना तेवीस साली पुण्याहून निरोप आला. तयार मोटर बंदरात ज्या भावात उतरते, त्या भावात देता का? नसाल देत तर ऑर्डर थांबवतो. आप्पासाहेबांनी हिशेब करकरून डोकं फोडून घेतलं. त्या भावात नुसतं तांबंसुद्धा येत नव्हतं हो! शेवटी कारखानदारांच्या टूरबरोबर ते बँकॉकला गेले. आठ दिवसांनी परतले ते तोंड पाडून. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्टेलाबाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर एक भरलेलं कडं ठेवलं. पांढऱ्या दोऱ्यानं मशीननं बांधलेलं, टाके एकसारखे.

"चीनचं हाय," आप्पासाहेब म्हणाले. "पन कागदावर चीनचं न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी असं बघा बाई. त्या पूर्वेकडच्या दहा देशांशी आपल्या सरकारचा करार हाय, दोन हजार दहापासनं. तिथं तयार झालेला माल आपल्याकडं आला की त्याला ड्यूटी जवळजवळ न्हाईच. चीनशी तसला करार न्हाई. मग चीनचा माल थेट आपल्याकडं कशाला यील? आधी शेजाऱ्याकडं जातो, तिथं खोकं बदलतो, तिथंच तयार झाल्याचा दाखला घेतो आन् आपल्याकडं जावई हून येतो. मी गेल्तो ना त्या कारखान्यात, बँकॉकपासनं दोन तासावर. आपल्यासारखंच शेड. चाळीस बायका भरायच्या म्हनं तिथं. लाकडी टेबलं हायेत अजून, तारेचे चरे पडलेली. आता सात-आठ पोरी बसत्यात आन् खोकी बदलत्यात."

"बाकीच्या बायका कुठं गेल्या?"

"मी काय तिथं खानेसुमारीला गेल्तो का बाई?" आप्पासाहेब चिडले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मालकाला इचारलं मी. त्यो हसला नुसता."

स्टेलाबाईंना त्या बत्तीस-तेहतीस बायका उगीचच डोळ्यांसमोर दिसायला लागल्या. चेहरे कसे असतील, माहीत नाही. पण बोटं कशी असतील ते त्यांना पक्कं माहीत होतं. चीनसारखं एवढं मोठं राज्य वर आलं, त्याची कारखानदारी फुगली, तर शेजारच्या बायकांनी काय पाप केलं होतं? आणि पुढं काय येणार, ते त्यांना न सांगता कळलं होतं.

पुढं तेच आलं. अशी भरलेली कडी कंटेनरनं यायची, नगरच्या शेडात त्यांचा मशीनचा दोरा कापायचा, हातानं नवा दोरा बांधायचा, एकदा वार्निश मारायचं, आपल्या बॉडीत बसवायचं, आणि लिहायचं की मोटर नगरला भरली. पुण्याच्या कंपनीला सरकारी योजनांत माल द्यायचा तर तो इथं तयार झालेला दाखवावा लागे. साहेबलोकांना आतलं ठाऊक नव्हतं म्हणता? छे! सगळं ठाऊक होतं. त्यांना फक्त हाताचा दोरा दिसायला हवा होता आणि रजिस्टरात बाईचं नाव.

दोरा बांधायला बारा बायका कशाला लागतात? चार पुरतात. कोणत्या चार, ते आप्पासाहेबांनी स्टेलाबाईंवर सोडलं. स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, दुसरं काय! बाईंनी तीन दिवस जेवण सोडल्यासारखं केलं. प्रभुदास, त्यांचे यजमान, मिलिटरीच्या डेपोत पेंटर होते, आता रिटायर. गरीब माणूस. ते म्हणाले, "तू पण सोड ना. माझं पेन्शन आहे." त्यावर बाई इतक्या कडाडल्या की प्रभुदास चप्पल घालून चौकात जाऊन बसले. शेवटी ज्यांच्या घरात दुसरं कमावतं कुणी नाही अशा तिघी ठेवल्या आणि चौथ्या स्वतः. गोजरबाई सगळ्यांत जुनी. तिला सांगायला बाईंची जीभ उचलेना. तर तीच म्हणाली, "रडू नगा. मी घोडेगावच्या बाजारातनं दोन शेरडं घिते. शेरडाला तर चीनवाला काय करीत न्हाई ना?" आणि हसली. तिचं ते हसणं स्टेलाबाईंना लई लागलं.

पहिला कंटेनर आला त्या दिवशी बाईंनी एक कडं घेतलं आणि सरळ उसवलं. वेढे मोजले, ठीक होते. तार बरी होती. पण कागद! खाचेच्या तोंडाशी कागद बाहेर दुमडून ठेवावा लागतो, नखाएवढा. इथं तो तोंडाशीच कापलेला. वाचवलेला कागद किती, तर बोटाच्या पेरावर मावेल एवढा. त्या कडं घेऊन केबिनमध्ये गेल्या.

"आप्पासाहेब, कागद आखूड आहे. तार आज लागणार नाही. पण वर्षभर मोटर थरथरली की घासेल."

आप्पासाहेबांनी मीटर लावला. काटा एकदम चांगला. "टेस्टिंगला पास हाय, बाई."

"कोरडी आहे, म्हणून पास आहे."

"मग काय करू? परत पाठवू? कंटेनर परत पाठवला तर उद्यापासनं तुमी चौघी बी घरी आन् मी बी."

बाई परत आल्या. पंधरा दिवस त्यांनी प्रत्येक कड्याच्या खाचेत चिमट्यानं कागदाच्या पट्ट्या सरकवल्या. एका कड्याला पाऊण तास. दिवसाला पन्नास मोटरी जायला हव्या होत्या, जात होत्या अकरा. टेम्पोवाला बाहेर हॉर्न मारायचा, पुण्याचा फोन वाजायचा, आप्पासाहेब काचेतून नुसते बघायचे. सोळाव्या दिवशी बाईंनी चिमटा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. हे त्या पुढं स्वतःलाच हजार वेळा सांगणार होत्या.

आणि त्याच दिवशी त्यांनी अशी एक गोष्ट केली, जी आप्पासाहेबांच्या शेडातल्या बाईनंच करावी. शालननं निळं रीळ काढलं, तसं ते बाईंनी तिच्या हातातून काढून घेतलं.

"हा दोरा लावायचा नाही. कुणीच आपला दोरा लावायचा नाही. सगळ्यांनी माझा लावा."

"आन् मोटर परत आली तर, ताई?"

"तर माझ्या नावावर येईल. तुम्ही अजून वीस वर्षं हे काम करणार. न भरलेल्या मोटरीवर तुमचं नाव नको."

झालं! त्या दिवसापासून शेडातून बाहेर पडणारी प्रत्येक मोटर हिरव्या दोऱ्याची. रजिस्टरात मोटर भरणारी म्हणून प्रत्येक ओळीत एकच नाव, स्टेला प्रभुदास पाटोळे. पुण्याच्या इन्स्पेक्टरनं विचारायला हवं होतं की एक बाई दिवसाला पन्नास मोटरी कशी भरते. त्यानं विचारलं नाही. चहा घेतला आणि गेला.

दीड वर्ष गेलं. पंचवीसच्या मे महिन्यातला एक रविवार. चर्च सुटलं होतं, स्टेलाबाई घरी येऊन मटणाला फोडणी देत होत्या. ओट्यावर कुणी तरी आलं. "सलाम, ताई."

गोरक्षनाथ होता. कर्जतच्या स्टँडजवळ त्याचं मोटरी विकायचं आणि भरायचं दुकान. सहा वर्षांपूर्वी तो याच शेडात भट्टीवर होता. तिथं उभं राहून, बघून बघून तो मोटर भरायला शिकला. बाईंनीच शिकवलं म्हणा ना. हिंदू घरातला पोरगा, पण बाईंच्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे त्यांना भेटला की सलामच करायचा.

"ये की. बस. जेवायच्या वेळेला बरोबर आलास."

तो बसला नाही. त्यानं पिशवीतून एक कडं काढलं आणि ओट्यावर ठेवलं. एका बाजूला काळं पडलेलं. दोरा अर्धा जळालेला, उरलेला हिरवा.

"ही गाठ तुमची हाय का, ताई?"

बाईंनी हातातला झारा खाली ठेवला. "माझी आहे."

"मला पटंना. मी म्हनलं, तुमची मोटर असली फुटायची न्हाई. कुनीतरी तुमच्या दोऱ्याची नक्कल केली असंल." गोरक्षनाथ खाली बघून बोलत होता. "आमच्या इथनं पाच कोसावर सहादेव म्हनून हायेत. माझं गिऱ्हाईक. त्यांची सून गेली, ताई. पूजा. सकाळी नळाला पानी सुटलं म्हनून मोटर लावाय गेली. खाली वल्लं हुतं. मोटरीला हात लागला आन्... सुटलीच न्हाई."

मटण खाली लागल्याचा वास आला. प्रभुदास आतून ओरडले. स्टेलाबाई उठल्या नाहीत. त्यांनी कडं मांडीवर घेतलं, काळ्या बाजूची खाच बघितली. कागदाच्या तोंडाशी तार उघडी पडून लोखंडाला टेकली होती, बरोब्बर तिथंच.

"ताई, सांगा की. नक्कल हाय ना?"

"नाही रे," बाई म्हणाल्या. "गाठ माझीच आहे. भरलेली मात्र कुणाची आहे, देव जाणे." आणि मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. बोलताना त्यांचा तो करडा आवाज पार कुठल्या कुठं गेला होता. ऐकून गोरक्षनाथ ओट्याच्या कडेला बसला. मग म्हणाला, "मी दीडशे इकल्यात, ताई. तुमचा दोरा दाखवून इकल्यात."

सोमवारी बाई शेडात गेल्या त्या थेट केबिनमध्ये. आप्पासाहेबांना पुण्याहून आधीच कळलं होतं.

"घरात अर्थिंग न्हवतं," ते म्हणाले. "पंचनाम्यात तसं आलंय. अर्थिंग न्हाई म्हनल्यावर मोटरीचा संबंध येत न्हाई. कुनी तक्रार केल्याली न्हाई. इषय संपला, बाई."

"अर्थिंग निम्म्या तालुक्यात नाही. ते आपल्याला माहीतच होतं. म्हणूनच तर कागद दुमडायचा असतो."

"मग काय करायचं म्हनता?"

"सांगायचं. त्या मोटरी परत मागवायच्या. दीड वर्षाच्या, सगळ्या."

आप्पासाहेब खुर्चीतून उठले. माणूस तसा वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. "बाई, रजिस्टर कुनाच्या नावाचं हाय? दोरा कुनाचा हाय? तुमी तोंड उघडलं तर पुनं म्हनंल, आमाला कायच म्हाईत न्हवतं, आमच्या कागदावर तर नगरच्या बाईनं भरलीय. बाहेरच्या देशातनं आली म्हनून कुनी मान्य करनार न्हाई, दाखल्यावर दाखले हायेत. बुडनार कोन? शेड. मी. तुमी. त्या तीन पोरी. तिकडच्या कारखान्याला तर ह्यातलं कायच कळायचं न्हाई."

बाहेर आल्या तर शालन दाराशीच उभी. ऐकत होती, लपवायचं कशाला. "ताई, माझ्या पोरीचं नर्सिंगचं शेवटलं वर्ष हाय. एवढं एक वर्ष थांबा. पाया पडते तुमच्या." आणि खरंच वाकली. स्टेलाबाईंनी तिला वर उचललं. तिला काय सांगणार? एक वर्ष थांबायचं म्हणजे अजून पंधरा हजार मोटरी, ओल्या फरशांवर, नळाशेजारी, बायकांच्या हाताशी.

बुधवारी त्या कर्जतच्या एसटीत बसल्या. प्रभुदास म्हणाले, मी येतो. नको म्हणाल्या. कर्जतला गोरक्षनाथ मोटारसायकल घेऊन उभा होता.

सहादेवांचं घर वस्तीवर. पुढं चिंच, तिच्याखाली दोन बाजा. नळाशेजारी विटांचा छोटा चौथरा, त्यावर आता काहीच नव्हतं, नुसत्या दोन वायरी वर बांधून ठेवलेल्या. सहादेव साठीतले, डोक्याला टॉवेल. मुलगा चाकणला कामाला होता, बायकोचं सगळं उरकून तिकडंच परत गेला. "हितं ऱ्हावंना त्याला," म्हणाले. गोरक्षनाथानं ओळख करून दिली, ह्या नगरच्या स्टेलाताई, मोटरी भरतात.

सहादेवांनी हात जोडले. "तुमचं नाव ऐकलंय. ह्यो गोरख लई सांगायचा." मग स्वतःच बोलत राहिले. शेतकरी माणूस आपलं दुःख आडवळणानं सांगतो तसं. "ह्याच्या दुकानात दोन मोटरी हुत्या बघा. एक चीनची, साडेतीनशे रुपयानं स्वस्त. म्या म्हनलं ही घिऊ, पानी तर दोघी बी वढत्यात. तर सूनबाई संगं हुती. ती म्हनली, मामा, रोज हात लावायचा माझा मला. ती चीनची नगा घिऊ, ही आपल्या नगरची घ्या. साडेतीनशे काय, मी दूध इकून भरून काढीन." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "तिनंच निवडली. स्वतःच्या हातानं पिशवीत घातली."

स्टेलाबाईंना वाटलं, इथून उठावं आणि पळत सुटावं. अर्थिंगचं कारण सांगावं. तीन पोरी आठवाव्यात. कुणीही काही म्हटलं नसतं. उलट या म्हाताऱ्यानं चहा पाजून, नमस्कार करून पाठवणी केली असती.

"सहादेवभाऊ," त्या म्हणाल्या, "ती मोटर मी भरली नव्हती. ती तिकडूनच भरून आली होती, चीनमधून, शेजारच्या देशातून फिरून. तिच्यात कागद आखूड होता. ते मला दिसलं होतं. दिसूनसुद्धा मी वरून माझा दोरा बांधला आणि सोडून दिली."

सहादेवांनी टॉवेल मांडीवर ठेवला. समजायला वेळ लागला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी ती स्वस्तातली... आन् ही?"

"आतून एकच."

"एकच?"

"हो."

"आन् वरचे साडेतीनशे कशाचे?"

स्टेलाबाईंनी मान खाली घातली. "माझ्या दोऱ्याचे," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं शिवी दिली असती, अंगावर धावून आला असता, तरी चाललं असतं. तो नुसता उठला आणि घरात गेला. दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. गोरक्षनाथ आणि बाई चिंचेखाली अर्धा तास बसून राहिले. कुणी बाहेर आलं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "चल. मला ठाण्यात सोड."

पोलीस ठाण्यात दुपारी गर्दी नव्हती. हवालदार वयस्क होता, शांत. आधी त्याला वाटलं, बाई तक्रार द्यायला आल्यात. मग कळलं की स्वतःविरुद्धच जबाब द्यायला आल्यात. तसा त्यानं पंखा त्यांच्याकडं वळवला आणि पाणी मागवलं. "विचार केलाय ना, ताई? लिहून झालं की खोडता येत नाही."

"लिहा."

सगळं लिहून घ्यायला पाऊण तास गेला. कंटेनर, खोकी, दाखला, कागद, चिमटा, पंधरा दिवस, सोळावा दिवस. दहा देशांच्या कराराशी हवालदार दोनदा अडला, बाईंनी दोनदा समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हे एवढं लांबचं कोर्टात कोण ऐकणार, ताई? इथं नाव एकट्या तुमचंच दिसतंय." बाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे." मग त्यानं कागद पुन्हा वर घेतला. पहिली ओळ भरायची राहिली होती.

"नाव?"

"स्टेला प्रभुदास पाटोळे."

"वय?"

"त्रेपन्न. राहणार भिंगार."

"धंदा?"

मोटरी भरते, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. तीस वर्षं हेच सांगत आल्या होत्या, रेशनकार्डाला, बँकेला, मतदार यादीवाल्याला. त्यांनी हाताच्या बोटांकडं बघितलं.

"दोरा बांधते," त्या म्हणाल्या.

हवालदारानं पेन थांबवलं. "असा काही धंदा नसतो, ताई."

"मग मजुरी लिहा."